डेल्मर ‘छान’ म्हणाला

डेल्मर एलर्सनं उभ्या जन्मात कशालाही छान म्हटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी आर्डिस पांढरा झगा घालून चर्चच्या दारात उभी राहिली, तेव्हा तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “वाईट नाही दिसत.” पहिला मुलगा झाला तेव्हा दुपट्यात डोकावून म्हणाला, “चालेल.” एका वर्षी मका असा काही आला की लोक रस्त्यावर गाड्या थांबवून याचं शेत बघायचे. त्या वर्षी डेल्मर म्हणाला, “याहून वाईट वर्षं पाहिलीत.”

यात एकट्या डेल्मरला बोल लावण्यात अर्थ नाही. आयोवात, त्यातून आमच्या लिंडेन ग्रोव्हच्या पंचक्रोशीत, माणसं अशीच. यांचे पणजे जर्मनीहून आले ते तोंडाला कुलूप घालून, आणि किल्ली बहुतेक बोटीतच विसरले. ‘बरं आहे’ म्हणजे दुखतंय. ‘तक्रार करण्यासारखं नाही’ म्हणजे फार दुखतंय. आणि ‘जरा अडचण झालीय’ असं कुणी म्हणालं तर ताबडतोब गाडी काढायची, कारण शेजारच्या हार्लन पेटरसनचं बोट मका सोलायच्या यंत्रात गेलं तेव्हा तो घरात येऊन बायकोला तेवढंच म्हणाला होता. कौतुकाचंही तेच. ‘वाईट नाही’ ही सगळ्यात वरची पायरी. त्यापुढे जिनाच नाही.

म्हणून ऑगस्टातल्या त्या गुरुवारी संध्याकाळी डेल्मर ट्रॅक्टरवरून उतरून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आर्डिस, तुझी गादी छान आहे,” तेव्हा आर्डिसच्या हातातलं बटाट्याचं भांडं ओट्यावर आदळलं.

“काय म्हणालास?”

“गादी. छान आहे. ढगावर बसल्यासारखं वाटतं.”

ढगावर! हा माणूस ढगाकडे बघायचा तो फक्त गारा पडणार की नाही ते पाहायला. आर्डिस गोरीमोरी झाली. मग तिनं त्याला बटाटे भरभरून वाढले, वरचा खरपूस पापुद्रा सगळा त्याच्याच ताटात घातला, आणि पाठमोरी होऊन उगीचच ओटा पुसत राहिली.

या गादीचं रामायण असं. दर ऑगस्टात जिल्ह्याची जत्रा भरते आणि शनिवारी तिथं ट्रॅक्टरांचा नाच असतो. आठ जुने ट्रॅक्टर, चार गडी, चार बायका. बायका म्हणजे तेही गडीच, झगा आणि केसांचा टोप घातलेले. माईकवरून एकजण ओरडत राहतो, ‘जोडीदाराला वळसा घाला, हात सोडा, मागे फिरा,’ आणि आठही ट्रॅक्टर धूर सोडत एकमेकांच्या नाकासमोरून गिरक्या घेतात. त्यात डेल्मर डेझी व्हायचा. होय, हाच डेल्मर. घरात बायकोच्या केकला बरा म्हणायला ज्याची जीभ जड व्हायची, तो वर्षातून एक दिवस सोनेरी कुरळा टोप घालून, ठिपक्याठिपक्यांचा घागरा सावरत, बापाच्या लाल ट्रॅक्टरवरून सगळ्या जिल्ह्याला चुंबनं उडवायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायचा, “नाच ठीक झाला.”

पण यंदा जत्रेच्या तोंडावर एक अडेलतट्टू डुकरीण गाडीत चढवताना डेल्मरच्या कमरेत उसण भरली. कळ डाव्या पायातून थेट घोट्यापर्यंत जायची. त्या जुन्या ट्रॅक्टरची बैठक लोखंडाची, शेताची वाट खडबडीत. तालमीला जाऊन आला की हा दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा आणि “बरं आहे” म्हणायचा. आर्डिसला बघवेना. तिनं त्याच्याच फाटक्या डेनिमची गादी शिवली, जुन्या रजईचा कापूस कोंबला, आणि कापूस सरकू नये म्हणून मधोमध एक मोठं काळं बटण टाकून गादी आवळून घेतली. बटण सासूबाईंच्या ओव्हरकोटाचं होतं. बशीएवढं नसेल, पण बिस्किटाएवढं नक्की.

पहिले काही दिवस डेल्मर कुरकुरला. “बटण टोचतं. काढून टाक.”

“बसून बसून दबेल,” आर्डिस म्हणाली, आणि मुळीच काढलं नाही. शिवलेलं उसवायचं म्हणजे काय खेळ आहे?

मग तो बटणाबद्दल बोलायचा थांबला. आणि त्यानंतर आलं ते हे ‘छान’. आर्डिसला वाटलं, जिंकले. तिनं बहिणीला फोन लावला.

“व्हर्ना, डेल्मर माझ्या गादीला छान म्हणाला.”

“ताप आहे का बघ गं त्याला.”

“जळतेस तू,” म्हणून आर्डिसनं फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी डेल्मर न्हाणीघरात गेला तो लवकर बाहेर येईना. आला तेव्हा चेहरा वैतागलेला. पायरी उतरताना त्याच्या डाव्या बुटाचं टोक अडकलं आणि तो कठड्यावर धडकला.

“बूट जड झालेत,” तो म्हणाला.

“तेच बूट आहेत.”

“मग पायरी वाढलीय.” त्यानं गाडीच्या किल्ल्या तिच्याकडे फेकल्या. “तू चालव. वेंडलकडे चल. एकदा कटकन बसवून घेतो कंबर, म्हणजे उद्या नाचाला मोकळा.”

वेंडल म्हणजे वेंडल क्लाउसन, आमच्या गावचा कायरोप्रॅक्टर, हातानं मणके बसवणारा. वय साठीच्या पुढे, डोक्यावर एक केस नाही, तरी सगळे त्याला ‘धाकटा डॉक्टर’ म्हणतात, कारण थोरला डॉक्टर त्याचा बाप होता. हा धंदाच मुळी आमच्या शेजारचा, नदीकाठच्या डॅव्हनपोर्टात जन्मलेला. तिथं म्हणे कुणा बहिऱ्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं. खरं-खोटं देव जाणे, पण थोरल्या डॉक्टरची त्यावर बायबलएवढी श्रद्धा. मणका बसला की सगळं बसतं, म्हणायचा. त्याच्या दाराबाहेर हा एवढा फलक होता: दमा, बहिरेपणा, पोटशूळ, पोरांचं अंथरूण ओलं करणं, बायकांच्या तक्रारी, सगळं त्यावर. एकदा तर त्यानं कुणाचं लंगडतं वासरूही बसवलं होतं. बाप गेल्यावर पोरानं तो फलक उतरवला आणि तिथं तीनच शब्द रंगवले: पाठ, मान, कंबर. गावाला ते मुळीच पटलं नाही. “बाप सगळं बरं करायचा,” लोक म्हणायचे, “पोराला तीनच गोष्टी येतात.”

आर्डिसचं मत याहून वाईट. तिच्या लेखी बाप आणि पोरगा दोघेही हाडं कडकडवून लोकांना उल्लू बनवणारे. ते ती चर्चच्या तळघरात पत्ते खेळताना मोठ्यानं सांगायची. एक गोष्ट मात्र ती कुणालाच सांगायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिची मान अशी आखडली होती की बाजूला बघायचं तर अख्खं फिरावं लागायचं. घरगुती लेप झाले, दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. शेवटी एके दिवशी ती मागच्या दारानं वेंडलकडे गेली, डेल्मरला सांगितलं केस कापायला चाललेय. अशी तीनदा गेली. मान मोकळी झाली. डेल्मर एवढंच म्हणाला, “एवढ्या वेळा गेलीस, केसांत फरक तर दिसत नाही.” वेंडलनंही गुपित पोटात ठेवलं. आणि आर्डिसनं त्या उपकाराची फेड म्हणून पुढच्या पत्त्यांच्या डावात त्याला ‘उल्लू बनवणारा’ऐवजी नुसतं ‘कडकडणारा’ म्हटलं.

वेंडलच्या दवाखान्यात ती बाकाच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसली, पर्स मांडीवर उभी धरून.

“बोल डेल्मर,” वेंडल हात धूत म्हणाला. “दुखतं किती?”

“तक्रार करण्यासारखं नाही.”

वेंडलनं मान हलवून ‘फार’ असं मनात लिहून घेतलं. तोही इथलाच. “आणि पाय?”

“पाय आता दुखत नाही. एकदम थांबलाय. फक्त ऐकत नाही. क्लच दाब म्हटलं की विचार करत बसतो.”

वेंडलचे हात टॉवेलातच थांबले. “लघवी नीट होते?”

डेल्मरनं छताकडे बघितलं. “हे काय विचारणं झालं! बायकोसमोर.”

“बायकोला माहीत असेल तुला लघवी होते ते.”

“होते. सावकाश होते. घाई कुणाला आहे?”

“बसायच्या जागी, मांड्यांच्या आत, बधिर वगैरे?”

“नाही. तिथं तर सगळं उत्तम. वेंडल, तू सर्वे करणार आहेस की कंबर बसवणार आहेस?”

एवढं म्हणून डेल्मर स्वतःच बाकावर कुशीला पडला, गुडघा वर घेतला, खांदा सैल सोडला. सवयीचं गिऱ्हाईक. मागे दोनदा असंच पडून तो इथून ताठ चालत गेला होता, म्हणून त्याला सगळं पाठ. वेंडल मागे आला आणि बोटांनी कंबर चाचपू लागला. पण त्याचं मन काही लागत नव्हतं, हे आर्डिसलासुद्धा दिसलं. आणि खोलीत उगीच गप्प बसवेना म्हणून, आणि खरं सांगायचं तर कालपासून पोटात मावत नव्हतं म्हणून, ती म्हणाली:

“डॉक्टर, तुम्हाला सांगू? हा काल माझ्या गादीला छान म्हणाला.”

वेंडलची बोटं थांबली. “कोण?”

“हा. ट्रॅक्टरसाठी गादी शिवलीय मी. ढगावर बसल्यासारखं वाटतं म्हणाला.”

“डेल्मर ‘छान’ म्हणाला?”

“म्हणालो,” डेल्मर भिंतीकडे तोंड करून गुरगुरला. “बटण काढल्यापासून खरंच छान आहे. आता दाबणार आहेस का?”

“कुठलं बटण काढल्यापासून?” आर्डिस म्हणाली.

“मधलं. आईच्या कोटाचं. काढलंस ना तू?”

“मी नाही काढलं.”

“मग पडलं असेल.”

“पडेल कसं? दुहेरी दोऱ्यानं शिवलंय. आज सकाळीसुद्धा तिथंच होतं डेल्मर, मी गादी झटकली तेव्हा.”

बाहेर रस्त्यावरून डुकरांची गाडी गेली. वेंडलनं दोन्ही हात डेल्मरच्या कमरेवरून उचलले आणि विस्तवाजवळून घ्यावेत तसे मागे घेतले.

“आर्डिस,” तो म्हणाला, “जरा तिकडे तोंड कर.”

आर्डिसनं भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर मणक्यांचं चित्र होतं, ती त्याच्याकडे बघत राहिली. मागून आवाज येत होते.

“हे कळतंय?” वेंडल विचारत होता.

“काय?”

“आता?”

“काय आता?”

“आणि हे?”

“वेंडल, सुरू कर ना एकदाचं. कशाची वाट बघतोयस?”

“मी केव्हाची टाचणी टोचतोय, डेल्मर,” वेंडल म्हणाला.

कालचं ते ‘छान’, जे तिनं रात्रभर उशाशी घेऊन ठेवलं होतं, ते गादीचं नव्हतंच. तिला एकाच वेळी भीती वाटली आणि रागही आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

“उठ,” वेंडल म्हणाला. “विजार नीट कर. मी हात लावणार नाही.”

“म्हणजे?”

“मणक्यांमधली एक चकती फुटून आत सरकली असणार. तिथून नसांची जुडी खाली जाते. पायाला, बसायच्या जागेला, लघवीला, सगळ्याला. ती दबलीय. तुझी कळ थांबली ती बरं वाटलं म्हणून नाही, नस झोपली म्हणून. मी आता कटकन फिरवलं तर उरलंसुरलंही जाईल. याला शस्त्रक्रिया लागते, आणि आजच लागते.”

“उद्या नाच आहे!”

“उद्यापर्यंत थांबलास तर जन्मभर मांडीला पिशवी बांधून नाचशील. मुतायला नळी, पाय ओढत चालणं. कळलं? आणखी सोपं करून सांगू?”

डेल्मर लाल झाला. “तुझा बाप असता तर एका दणक्यात बसवलं असतं त्यानं. वासरूसुद्धा बसवलं होतं.”

“बसवलं असतं,” वेंडल म्हणाला. “त्यानं नक्की दाबलं असतं. म्हणून तर मी तो फलक उतरवला.” आणि त्यानं डॅव्हनपोर्टच्या इस्पितळाला फोन लावला. फोन ठेवून तो आर्डिसकडे वळला. “ऐक. तिथं याला बोलू देऊ नकोस. हा ‘बरं आहे’ म्हणेल, आणि डॉक्टर बाहेरची असेल तर तिला वाटेल बरं आहे. घरावरून जा आणि ती गादी घे.”

“गादी?”

“गादी घेऊन जा.”

इस्पितळातली डॉक्टर बाहेरचीच निघाली, पार समुद्रकाठच्या कुठल्याशा शहरातली. तरुण, भराभर बोलणारी, डोळ्यांत झोप तुंबलेली, पण माणूस प्रेमळ. वेंडलच्या फोनचा निरोप तिच्याकडे पोचला होता. तिनं डेल्मरला विचारलं, “आजोबा, एक ते दहामध्ये किती त्रास आहे?”

“दोन,” डेल्मर म्हणाला.

“याचे दोन म्हणजे नऊ,” आर्डिस म्हणाली.

“बसायच्या जागी बधिरपणा?”

“तसं काही नाही. त्या वेंडलला उगीच—”

“डेल्मर, गप्प बस!” चव्वेचाळीस वर्षांत ती प्रथमच परक्यासमोर त्याच्यावर ओरडली. त्यानं तोंड मिटलं. तिनं काखेतली गादी खुर्चीवर ठेवली, बटण वर करून. “हिच्यावर बस.”

डेल्मर बसला.

“डॉक्टरबाई, या गादीच्या मधोमध बटण आहे. हे एवढं. तुम्ही आधी हात लावून बघितलंत तरी चालेल. याला विचारा बटण कुठं आहे.”

डॉक्टर गोंधळली. क्षणभर तिला वाटलं असणार की आजीबाईंनाच काहीतरी झालंय. पण तिनं डेल्मरकडे पाहिलं, आणि डेल्मर खुर्चीत इकडून तिकडे सरकत होता, शोधत होता, डावीकडे, उजवीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा हट्ट हळूहळू उतरत चालला होता.

“नाहीये,” तो शेवटी म्हणाला, अगदी लहान आवाजात. “आर्डिस, बटण नाहीये.”

डॉक्टरला सगळं कळलं. झोप कुठच्या कुठं गेली. तिनं दार उघडून कुणाला तरी हाक मारली, आणि मग जी चाकं, नळ्या, कागद, धावपळ सुरू झाली ती थांबलीच नाही. यंत्राच्या नळकांड्यात घालून फोटो काढले. चकती वेंडल म्हणाला तिथंच, तशीच फुटलेली. संध्याकाळी डेल्मरला आत न्यायला आले तेव्हा त्यानं आर्डिसचा हात धरला. तिला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलेल.

“घागरा गाडीच्या मागच्या सीटवर आहे,” तो म्हणाला. “हार्लनला दे. आठवा ट्रॅक्टर रिकामा राहता कामा नये.”

“बरं,” आर्डिस म्हणाली. आणि मग चाकं वळून गेल्यावर भिंतीला टेकून तिनं पोटभर रडून घेतलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सर्जननं सांगितलं, दाब काढलाय, वेळेवर आलात. पण झोपलेल्या नसा जाग्या होतील की नाही ते आता नसांच्या मर्जीवर. कधी आठवड्यांत होतात, कधी महिन्यांत, कधी होतही नाहीत. आर्डिसनं मान डोलावली. वेंडलनं मोकळी केलेली मान.

शनिवारी दुपारी इस्पितळात हार्लनचा फोन आला. तो एवढा हसत होता की पहिलं वाक्य कळेचना.

“आर्डिस, डेझी कोण झालं माहितेय? मला घागरा होईना गं, माझं पोट आडवं आलं. तर वेंडल म्हणाला, मी होतो. टोप घालून आला! त्या टकलावर सोनेरी कुरळे केस! अगं, माईकवरनं डावीकडे म्हटलं की हा उजवीकडे. दुसऱ्या फेरीत त्यानं असा घोळ घातला की आठही ट्रॅक्टर नाकाला नाक लावून उभे. एकालाही हलता येईना. शेवटी एकेक मागे घेऊन गाठ सोडवावी लागली.”

“आणि लोक?”

“लोक काय, लोक म्हणाले वाईट नव्हतं.”

आर्डिसनं हे सगळं डेल्मरला जसंच्या तसं सांगितलं. डेल्मर छताकडे बघत पडून होता. “आठ ट्रॅक्टरांची गाठ सोडवता येत नाही, आणि लोकांचे मणके सोडवतो,” तो म्हणाला. पण त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

घरी आल्यावर दिवस मोठे जड गेले. चर्चच्या बायका भांडी भरभरून जेवणं आणायच्या, आणि डेल्मर सगळ्यांना “बरं आहे” म्हणून वाटेला लावायचा. नळी होती, पिशवी होती. आर्डिसनं ती बदलायला घेतली की तो खिडकीबाहेरच्या मक्याला काहीतरी विचारायचा. मग एक दिवस नळी निघाली, आणि त्या दिवशी न्हाणीघराच्या दारामागून धार ऐकून आर्डिसनं बाहेर उभं राहून टाळ्या वाजवल्या. आतून डेल्मर ओरडला, “लाज आहे का काही?” पावलंही हळूहळू ऐकू लागली. पण बसायची जागा मुकीच होती.

आर्डिस रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या त्याच्या खुर्चीवर ती गादी ठेवायची. बटण वर. विचारायची काहीच नाही, नुसती बघायची. आणि डेल्मर तिच्याकडे बघायचा. बायकोला कोणता शब्द आवडतो ते त्याला आता ठाऊक झालं होतं. एवढी सेवा करते बिचारी, तिला बरं वाटावं, म्हणून तो बसला की म्हणायचा, “छान आहे हं गादी.”

जो शब्द ऐकायला जन्म गेला, तो आता रोज सकाळी कॉफीबरोबर मिळत होता, आणि देवा, तो नको होता तिला. तिनं वेंडलला हे सांगितलं. तो मधून मधून यायचा, डेल्मरच्या आखडलेल्या खांद्यांना हात लावायचा, कमरेला मात्र बोटसुद्धा नाही.

“माझ्या हातात आता यातलं काही नाही, आर्डिस,” वेंडल म्हणाला. “खांदे मी मोकळे करीन. नसांचं सर्जनला विचार.”

“सर्जन म्हणतो, वाट बघा.”

“मग वाट बघू.”

मक्याची कापणी सुरू झाली. हार्लन आणि बाकीचे येऊन डेल्मरचं शेत कापून देत होते, आणि डेल्मर खिडकीत बसून ते कसं चुकीचं कापतात ते सांगत होता. एका दुपारी आर्डिसनं सफरचंदं भरून ॲपल पाय भाजला. त्याच्यासमोर तुकडा ठेवला आणि ती भांडी घासायला वळली. मागे खुर्ची करकरली. परत करकरली. डेल्मर इकडे सरकला, तिकडे सरकला, अर्धा उठला, परत बसला.

“काय झालं?”

“काही नाही.” तो परत सरकला. “आर्डिस, रागावू नकोस. तू एवढं मनापासून शिवलंयस. पण हे बटण काढ बाई. टोचतं.”

आर्डिसच्या हातातलं ताट साबणाच्या पाण्यात बुडालं. ती वळली. “काय?”

“टोचतं. मधोमध. कसली भिकार गादी आहे ही!”

ती तिथंच, ओल्या हातांनी, स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं की डेल्मर घाबरून उभाच राहिला.

“अगं, मी काय एवढं बोललो? बरी आहे गादी. छान आहे!”

“खबरदार!” ती ओरडली. “खबरदार परत छान म्हणालास तर! बस खाली. बस त्याच्यावर.”

तो बसला. तोंड वाकडं झालं त्याचं. ते वाकडं तोंड बघत तिनं फोन ओढला, ओल्या बोटांनी नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच, दोन वर्षं मागच्या दारानं जपलेलं सगळं अंतर विसरून, म्हणाली:

“वेंडल, अरे, याला माझी गादी आवडत नाही!”